नवीन घर, स्मार्ट होम: स्लॅब आणि गिलाव्याआधी काय काय करून घ्यायचं?

कृष्णाकाठ

कराडजवळ बंगल्याचं काम चालू आहे. तळमजला आणि पहिला मजला मिळून साधारण १९०० चौ. फूट. तळमजल्याच्या भिंती उभ्या आहेत, गिलावा बाकी आहे. वरचा, म्हणजे गच्चीचा स्लॅब येत्या गुरुवारी भरायचाय.

सिस्टीम कुठली घ्यायची ते आत्ता ठरवत नाही. उपकरणं पाच-सात वर्षांत बदलतील, भिंतीतली पाइप बदलणार नाही, एवढं धरून पुढचं ठरवलंय. लाइटला १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि एसी-गीझरला ४ चौ. मिमी वायर. प्रत्येक बोर्डात न्यूट्रल, अगदी जिन्यातल्या आणि बाथरूमबाहेरच्या नुसत्या दिव्यांच्या बोर्डातसुद्धा. पाइप सगळीकडे २५ मिमी. जिन्याखालच्या कपाटात राऊटर, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि इन्व्हर्टर.

अडलंय ते असं: सगळ्या दिव्यांच्या वायरी एका पॅनेलला आणाव्यात की स्विचमागे स्मार्ट मॉड्यूल (बिनतारी हुकमावर दिवा चालू-बंद करणारी छोटी डबी) बसवावीत? हौदाची मोटर स्मार्ट करावी का? आणि गुरुवारच्या आत स्लॅबमध्ये काय टाकायलाच हवं? चुकत असेल तिथे बिनधास्त हाणा.

फेज_न्यूट्रल

न्यूट्रलचा निर्णय योग्य, पण अर्धा आहे. इन्व्हर्टरची लाइन आणि मेनची लाइन एकाच बोर्डात आली की तिथे दोन न्यूट्रल येतात. वायरमन ‘न्यूट्रल सगळे एकच’ म्हणतो आणि दोन्ही पिळून एकत्र टाकतो. साध्या स्विचवर हे कित्येक वर्षं लपून राहतं. डीबीत (मुख्य वितरण पेटीत) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लागली की मग एका सर्किटचा करंट दुसऱ्याच्या न्यूट्रलने परत जातो, आरसीसीबीला गळती दिसते आणि ती पडते. मग दोष स्मार्ट स्विचच्या माथी. मॉड्यूलला फेज ज्या सर्किटचा, न्यूट्रलही त्याच सर्किटचा. दोन्ही न्यूट्रल काळेच ओढा, पण इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला दोन्ही टोकांना पिवळी टेप मारायला सांगा. काम झालं की डीबीतला एकेक न्यूट्रल सोडवून कुठलं सर्किट मरतं ते तपासा. मेन बंद करूनच सोडवायचा, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, बॉक्सची खोली. बाजारातले मॉड्यूलर बॉक्स ५० मिमीच्या आसपास खोल असतात. त्यातले तीसेक मिमी स्विच खातो. उरलेल्या जागेत १५ ते २० मिमी जाडीचं मॉड्यूल आणि वायरींचा गुंता एकावर एक बसत नाही. कारागीर मग प्लेट स्क्रूने आवळतो, मॉड्यूलचं टर्मिनल ढिलं होतं, गरम होतं. खोल बॉक्स शोधत बसण्यापेक्षा एक साइज मोठा बॉक्स घ्या. सहा खणांचे स्विच असतील तिथे आठ खणांचा, वर दोन कोऱ्या पट्ट्या. मॉड्यूल त्या कोऱ्या जागेमागे राहतं, स्विचच्या पाठीत नाही. लोखंडी बॉक्स वायफाय अडवतो, समोरून प्लास्टिकच्या प्लेटमधूनच सिग्नल येतो, त्यासाठीही मॉड्यूल पुढे असलेलं बरं.

चार इंची भिंतीत दोन्ही खोल्यांचे बोर्ड पाठीला पाठ लावून येत असतील तर आत्ताच एक बोर्ड फूटभर सरकवा. नाहीतर झिरी आरपार जाते.

मेश

वरच्या प्रतिसादाला +१. बाकी काही नाही केलं तरी ते दोन परिच्छेद वायरमनला वाचून दाखवा.

पॅनेलवाला

थोडा वेगळा सूर लावतो. प्रत्येक दिव्याची, पंख्याची वायर सरळ एका पॅनेलला आणली तर सगळे रिले (विजेने चालणारे स्विच) डीआयएन रेलवर (एमसीबी बसवतात त्या पट्टीवर) एका ठिकाणी बसतात. काही बिघडलं तर भिंती उघडाव्या लागत नाहीत, बोर्डात फक्त बटणांची बारीक वायर. केएनएक्सचा (तारेवर चालणाऱ्या होम ऑटोमेशनच्या एका पद्धतीचा) विचार असेल तर हीच पद्धत, बटणांना २९-३० व्होल्ट डीसीची हिरवी बस केबल फिरते. हॉटेलं, मोठे बंगले असेच होतात.

फेज_न्यूट्रल

@पॅनेलवाला, पद्धत चांगलीच आहे, पण या घराला नको. दिवे-पंखे धरून ४५ पॉइंट, सरासरी १४ मीटर, फेज आणि न्यूट्रल मिळून १२६० मीटर वायर. ९० मीटरची चौदा बंडलं, त्यात अर्थिंग धरलेलंच नाही. स्विचमागच्या पद्धतीत याच्या निम्म्यात भागतं. पाइपांचा जुडगा पॅनेलजवळ येतो तेव्हा बीमच्या कडेला कव्हर काँक्रीट उरत नाही ते वेगळंच. आणि खरी अडचण पुढे आहे: बटणांची बारीक वायर टाकली की पॅनेलचा मेंदू बंद पडल्यावर हाताने दिवा लावायची सोयच नाही. केएनएक्सचा माणूस पुण्याहून येईपर्यंत घर अंधारात.

मधला मार्ग: बाहेरचे, कंपाउंडचे आणि गच्चीचे दिवे तेवढे डीबीजवळच्या एका वेगळ्या बॉक्सला आणा. ते वेळेवर किंवा सूर्यास्ताला लागतात, स्विचपाशी कुणी जात नाही. आतलं सगळं स्विचमागे.

पॅनेलवाला

हाताने लावायच्या सोयीचा मुद्दा मान्य. पॅनेलमध्ये बायपास स्विच असलेले रिले येतात, पण खर्च वाढतो, हे खरं. बाहेरच्या दिव्यांबद्दल सहमत.

सर्व्हररूम

नेटवर्कचं लिहितो, कारण ‘वायफाय आहे की’ म्हणून हेच राहून जातं.

कॅट-६ (नेटवर्क केबल) चे पॉइंट: हॉलमध्ये टीव्हीमागे २, अभ्यासाच्या टेबलाशी १, वरच्या मोठ्या बेडरूममध्ये १, दोन्ही मजल्यांच्या छताला अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी (वायफाय फेकणाऱ्या डब्यासाठी) १-१, बाहेरचे कॅमेरे ६, दरवाज्याच्या व्हिडिओ बेलला १, गच्चीवर १. एकूण १४. सरासरी १८ मीटर धरा, २५२ मीटर. ३०५ मीटरचं एक खोकं पुरतं. घेताना वायरचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरट दिसलं तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा. नुसत्या इंटरनेटला ती चालेल कदाचित, पण कॅमेऱ्याला त्याच केबलने वीज द्यायची म्हटल्यावर लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड लागला की कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. दिवसा सगळं ठीक, म्हणून दोष सापडत नाही.

या केबलची पाइप विजेच्या पाइपेपासून वेगळी, समांतर जात असेल तर फूटभर अंतर, ओलांडायची असेल तर काटकोनात. २५ मिमी पाइपमध्ये चार केबल, पाचवी नको. एल्बो अजिबात नाही, लांब बेंड.

पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचचा हिशोब: कॅमेरा ८ वॅट धरून सहांचे ४८, अ‍ॅक्सेस पॉइंट १५ धरून दोनचे ३०, म्हणजे ७८. स्विच १२० वॅटचा घ्या. पेटीवर ‘८ पोर्ट पीओई’ एवढंच वाचून ६० वॅटचा आणला की सातवं उपकरण लागत नाही.

रेकॉर्डिंग: २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ एमबीपीएसने दिवसाला ४३ जीबी लिहितो. सहा कॅमेरे म्हणजे २६० जीबी. २ टीबीची डिस्क आठवड्यात भरते. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) वर ठेवलं तर साधारण दुप्पट दिवस मिळतात.

आणि जिन्याखालच्या कपाटात बॅटरी असेल तर राऊटर-एनव्हीआर तिथे नको. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, सोबत आम्लाची वाफ. बंद कपाटात सगळ्या जॅकांना हिरवं चढतं. इन्व्हर्टर तिथेच राहू दे, नेटवर्कचं कपाट पॅसेजमध्ये भिंतीवर, दाराला जाळी.

कृष्णाकाठ

कपाटाचं लक्षातच आलं नव्हतं. पॅसेजमध्ये डीबीच्या शेजारी जागा आहे, तिथे नेतो. गेटवर कॅमेरा आणि बेल हवी, अंतर २२ मीटर. सहापैकी एक कॅमेरा तोच. कॅट-६ जमिनीतून नेली तर चालेल ना?

सर्व्हररूम

अंतर चालेल, १०० मीटरपर्यंत जाते. प्रश्न विजेचा आहे. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो गडगडाटासह. जवळपास वीज पडली की जमिनीतल्या तांब्यात व्होल्टेज उठतं आणि त्या एका केबलने गेटचा कॅमेराच नाही, आतला पीओई स्विच आणि त्याला जोडलेलं सगळं जातं. गेटला तयार टोकांची दोन कोरची फायबर न्या, दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्क केबल जोडणारा डबा). गेटजवळ २३० व्होल्ट लागेलच, दिव्यासाठी न्यावं लागतंच. पाइप दोन टाका, एक विजेची, एक फायबरची, प्रत्येकीत ओढतार सोडून. कनेक्टरसह फायबर ओढायची तर पाइप ३२ मिमीची. बाहेरच्या पेटीत केबल खालून शिरली पाहिजे, वरून नाही, आणि ग्लँड आवळलेली. भोक उघडं राहिलं तर पावसाच्या आधी मुंग्या येतात आणि मुंग्यांमागोमाग पाल.

मेश

स्विचमागे वायफायची मॉड्यूल घ्यायची की झिगबीची (स्मार्ट उपकरणांसाठीची वेगळी बिनतारी पद्धत)? घरात ४५ पॉइंट असतील तर सगळे वायफायवर टाकू नका. इंटरनेटवाल्यांनी दिलेला राऊटर तीस-चाळीस उपकरणांनंतर धापा टाकतो. ही मॉड्यूल बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचं राऊटर आहे म्हणून काही फरक पडत नाही.

झिगबीही २.४ मध्येच आहे, पण जागा निवडता येते. अ‍ॅक्सेस पॉइंट १, ६ किंवा ११ या चॅनेलवर पक्के करा, ‘ऑटो’ नको, आणि झिगबी २५ वर ठेवा. झिगबीच्या समन्वयकाचा (सगळं जाळं चालवणारा) डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात थेट खुपसायचा नाही. त्या पोर्टचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात असतो, मीटरभर एक्स्टेन्शन लावून लांब ठेवा. न्यूट्रल असलेली मॉड्यूल बहुधा पुढच्याचा सिग्नल पुढे पोचवतात, बिनन्यूट्रलची सहसा पोचवत नाहीत. म्हणजे प्रत्येक बोर्डात न्यूट्रल हा निर्णय इथेही कामाला येतो. शिवाय बिनन्यूट्रलची मॉड्यूल दिव्यातूनच थोडा करंट घेतात, म्हणून ५ वॅटचा एलईडी बंद करूनही मिणमिणत राहतो.

झेड-वेव्ह या आणखी एका बिनतारी पद्धतीच्या नादी लागू नका. आपल्याकडे त्याला ८६५-८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा, अमेरिकेत ९०८ चा. भाच्याला तिकडून आणायला सांगितलेला स्विच इथल्या हबशी बोलणारच नाही, आणि तिकडचं घर १२० व्होल्टवर चालतं ते आणखी. मॅटरची (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेल्या मानकाची) पहिली आवृत्ती २०२२ च्या ऑक्टोबरात आली. पेटीवर त्याचा शिक्का असेल तर चांगलंच, पण तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

सगळ्याचा मेंदू घरातच ठेवा. होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर एखाद्या जुन्या मिनी पीसीवर छान चालतं. रास्पबेरी पाय (छोटा संगणक) घ्यायचा तर एसएसडीवर. सतत नोंदी लिहून मेमरी कार्ड मरतं.

जिना_दिवा

जिन्यातला दिवा वरून-खालून दोन्हीकडून लागतो. तिथे मॉड्यूल कुठे बसवायचं?

फेज_न्यूट्रल

टू-वेची नेहमीची जोडणी विसरा. मॉड्यूल एकाच बोर्डात, जिथून दिव्याची वायर जाते तिथे. दिवा मॉड्यूलच्या आउटपुटला. दोन्ही स्विच फक्त इनपुट म्हणून: खालचा त्याच बोर्डात, वरचा दोन वायरींनी खाली आणलेला. त्यामुळे दोन्ही बोर्डांमध्ये तीन वायरी ओढून ठेवा, एक जास्तीची. सेटिंगमध्ये इनपुट ‘एज’ करा, म्हणजे स्विच वर असो की खाली, हलवला की दिवा पालटतो.

आणि कुणीही स्मार्ट बल्ब सुचवेल तर हसून सोडून द्या. पाहुणे भिंतीवरचा स्विच बंद करतात आणि बल्ब ‘ऑफलाइन’.

हौद_ते_टाकी

मोटरचं. स्मार्ट करा, पण वायफायच्या रिलेवर मोटर थेट कधीच नाही. १ एचपीची मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहापट घेते. ‘१६ अँपिअर’ लिहिलेल्या रिलेचे पॉइंट महिन्याभरात चिकटतात, मग अ‍ॅपमध्ये ‘बंद’ दिसतं आणि गच्चीवरून पाणी वाहतं.

रिलेने फक्त काँटॅक्टरची (मोटर पेलणाऱ्या जड स्विचची) कॉइल चालवायची. क्रम असा: २३० व्होल्टचा फेज एमसीबीतून ओव्हरलोड रिलेच्या एनसी (एरवी जोडलेल्या) काँटॅक्टला, तिथून हौदातल्या खालच्या फ्लोटला (पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या स्विचला), मग ऑटो-मॅन्युअल सिलेक्टरला. मॅन्युअलला सरळ, ऑटोला रिलेच्या काँटॅक्टमधून. दोन्ही पुन्हा एकत्र येऊन टाकीतल्या वरच्या फ्लोटमधून कॉइलच्या ए१ टोकाला. ए२ टोक न्यूट्रलला. दोन्ही फ्लोट वायरनेच जोडलेले हवेत, अ‍ॅपमधून नाही. मेंदू बंद असला तरी कोरडी मोटर फिरणार नाही आणि टाकी वाहणार नाही.

कॉइलच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर, एकामागे एक, लावा. तो नसेल तर काँटॅक्टर सुटताना उसळी येते आणि शेजारचं मॉड्यूल रीसेट होतं. रीसेट होऊन पुन्हा ‘चालू’ स्थितीत आलं तर आणखी घोळ, म्हणून वीज परत आल्यावरची स्थिती ‘बंद’. टाकी भरायला लागतो त्याच्या सव्वापट वेळेचा टायमरही ठेवा.

गच्चीच्या टाकीपासून मोटरपर्यंत फ्लोटसाठी वेगळी २० मिमी पाइप. ही स्लॅबमधून जाते, गुरुवारच्या यादीत घ्या.

गीझरचं थोडक्यात. २ किलोवॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, सलग. १० अँपिअरचं मॉड्यूल तिथे वितळतं. २० अँपिअरचं घ्या किंवा काँटॅक्टर. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर जायला अर्धा तास पुरतो, ४० मिनिटांनी आपोआप बंद.

फेज_न्यूट्रल

थ्री-फेज मीटर घेणार असाल तर एक गोष्ट डीबीत हवीच: ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले. खांबावरचा न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर ३५०-४०० व्होल्ट येतात आणि चाळीस मॉड्यूल एका मिनिटात जातात. टाइप २ चा एसपीडी वेगळा, तो क्षणभराच्या उसळीसाठी. टिकून राहिलेलं जादा व्होल्टेज तो थांबवत नाही, स्वतःच जळतो.

पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेणार असाल तर बोर्डात रेग्युलेटर ठेवूच नका. त्यांना पूर्ण सप्लाय लागतो, वेग रिमोटने.

नागपुरी_उन्हाळा

सेन्सरबद्दल कुणी बोललं नाही. पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि खोलीची उष्णता यांतला फरक पाहतो. मे महिन्यात खोली ३६-३७ अंशांवर गेली की फरकच उरत नाही आणि माणूस दिसत नाही. एमएमवेव्ह (रडारसारख्या) सेन्सरला ही अडचण नाही, पण त्याला फिरता पंखा म्हणजे माणूस वाटतो. छताला लावू नका, भिंतीवर कोपऱ्यात, पंख्याकडे पाठ करून. छताचा पॉइंट सोडायचाच तर बाथरूम आणि पॅसेजमध्ये.

गॅसच्या सेन्सरची जागा गॅसवर ठरते. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, सेन्सर जमिनीपासून फूटभराच्या आत. पाइपने येणारा गॅस हलका, तिथे छताच्या खाली फूटभरात. आज सिलिंडर, उद्या पाइपलाइन येऊ शकते, तेव्हा पॉइंट दोन्हीकडे काढा. गळती दिसली की एक्झॉस्ट आपोआप सुरू करायची ‘ऑटोमेशन’ सगळे सुचवतात. करू नका, ठिणगी तिथेच पडते. शिटी आणि मोबाइलवर निरोप, बास.

पॅनेलवाला

कुलूप राहिलं. स्मार्ट लॉक घेण्याआधी मुख्य दार आणि बाहेरचं जाळीचं दार यांतलं अंतर मोजा. लॉकचं हँडल ६० ते ७० मिमी बाहेर येतं, चौकट बारीक असेल तर जाळीचं दार मिटत नाही. सुताराला चौकट करतानाच सांगा. सागवानी दारही पावसाळ्यात फुगतं, मोटरचा बोल्ट अडकतो आणि बॅटरी संपते. पट्टीतलं भोक दोन-तीन मिमी मोठं ठेवा. किल्लीचं भोक नसलेलं मॉडेल घेऊ नका.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. गुरुवारच्या स्लॅबसाठी यादी अशी करतो: अ‍ॅक्सेस पॉइंटचा १ बॉक्स, फ्लोटची २० मिमी, गच्चीवर कॅट-६ ची २५ मिमी, सोलरसाठी २५ मिमीच्या दोन, चार कोपऱ्यांना कॅमेऱ्याच्या. काही राहिलं?

फेज_न्यूट्रल

सोलरच्या दोनपैकी एक ३२ करा, डीसीच्या वायरी जाड इन्सुलेशनच्या असतात. अर्थिंग बाहेरून उतरवा, स्लॅबमधून नाही. पडद्यांच्या मोटरसाठी खिडकीच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांना पॉइंट, पण ते भिंतीत, त्याला गडबड नाही.

स्लॅबमधली पाइप हेवी ग्रेडची, भिंतीत मिडीयम चालेल. पाइप खालच्या सळईच्या वर, वरच्या सळईच्या खाली, दर तीन फुटांवर बांधणी तारेने. सांध्याला सोल्युशन लावलंच पाहिजे, नुसतं खुपसलं की व्हायब्रेटरने सुटतं आणि आत स्लरी जाते. बॉक्स ओल्या कागदाने ठासून भरा, वरून टेप. काँक्रीट चालू असताना वायरमन तिथे हजर हवा, मजुरांच्या पायाखाली आणि पाट्यांखाली एखादी पाइप दबतेच.

भरायच्या आधी प्रत्येक पाइपेचा फोटो, फ्रेममध्ये टेप पसरलेली, दोन भिंतींपासूनचं अंतर वाचता येईल अशी. गच्चीवर पुढे वॉटरप्रूफिंगवाला किंवा सोलरवाला ड्रिल घेऊन येईल, तेव्हा हेच फोटो त्याला दाखवायचेत.

सर्व्हररूम

कॅमेऱ्यांच्या पाइपा पॅरापेटमधून बाहेर काढताना तोंड खाली वाकवा. सरळ आडवी सोडली तर पहिल्या पावसाचं पाणी पाइपमधून थेट नेटवर्कच्या कपाटात उतरतं.